गाण्यात नसलेला पाळणा

१

बोरी बुद्रुकच्या जत्रेत, भर दुपारी, अख्ख्या गावाच्या डोळ्यांदेखत चोरी उघडकीला आली. चोरीला गेलं होतं एक गाणं.

गाणं ही काय चोरायची चीज आहे, असं पुण्या-मुंबईचा माणूस म्हणेल. म्हणू दे बापडा. त्यानं कलगी-तुऱ्याचा सामना पाहिलेला नसतो. इकडं कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर समोरासमोर उभे राहतात आणि गाण्यातून एकमेकांना कूट घालतात. कूट म्हणजे वरून एक दिसणारं आणि आतून भलतंच असणारं गाणं. बोरीचा रिवाज तर फारच कडक. समोरच्याला कूट उकललं नाही तर त्याचा डफ जातो, आणि त्यानं उभ्या उभ्या उकललं तर घालणाऱ्याचा. डफ गेलेला शाहीर त्या गावात पुन्हा तोंड उघडत नाही. म्हणून नवं कूट हे लोक जिवापाड जपतात. त्याचा अर्थ गुरू एकाच चेल्याच्या कानात सांगतो, तोही दार लावून.

तर पंचावन्न सालच्या त्या चैत्रात कलगीकडून उभा होता निमगाव सावाचा दस्तगीर शाहीर. धंद्यानं पिंजारी, साठी ओलांडलेला, अंगानं काडी; पण आवाज असा की मागच्या रांगेतल्या बहिऱ्यानंही मान डोलवावी. तुऱ्याकडून आळ्याचा चिमाजी शाहीर, पोट आणि पटका दोन्ही मोठे. मधे खाटेवर पंच म्हणून बसले होते बोरीचेच हौशीराम, पेन्शनीत निघालेले फौजदार, चिमटीत तपकीर धरून.

दस्तगीरनं डफावर थाप मारली आणि कूट घातलं:

एक नार अशी देखिली, तिला हाड ना मास ना काया,
बाप बसला उंबऱ्याशी, ही गेली परघरी नांदाया ।
दोन दारांनी आत शिरे, एका दारानं बाहेर येई,
भिंतीमधून पार होई, कुणाच्या मुठीत न राही ।
पांढरे पहारेकरी दाराशी, आत तांबडी सासू निजली,
सासू हलली की तेव्हाच ही सून घराबाहेर पडली ।
राजा मेला, वाडा पडला, ही नार तरणीच राहिली,
सांग शाहिरा, नाव तिचं, कुणी डोळ्यांनी कधी पाहिली ॥

मागं झील द्यायला चांगदेव आणि दस्तगीरचा भाचा शफी, तुणतुण्यावर जानकू. गर्दी चिडीचूप. असलं कूट चिमाजीला जन्मात उकलायचं नाही, असं जो तो मनात म्हणत होता.

चिमाजीनं विचार करायला म्हणून डोळेसुद्धा मिटले नाहीत.

"ही नार म्हंजी वाणी!" तो गरजला. "बोलणारा बाप जाग्यावर बसतो अन् बोल दुसऱ्याच्या घरी नांदाया जातो. दोन दारं ते कान, एक दार ते त्वांड. पांढरे पहारेकरी ते दात. पाळणा म्हंजी जीभ, ती हलली की बाळ बाहीर! अन् राजा मेला म्हंता? त्या शिवनेरीकडं बघा. राजं गेलं, वाडं पडलं, त्यांचे बोल आजून आपल्या तोंडात हायेत!"

पटके उडाले, शिट्ट्या झाल्या. दस्तगीरचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आवो, शफी महिनाभर आळ्याला खेपा घालतोय, तवाच म्हनलं!"

झालं. म्हातारा गर्रकन वळला. गुरूनं चेल्याच्या मनगटाला बांधलेला काळा दोरा, त्याला गंडा म्हणतात. शफीच्या मनगटावरचा तो गंडा त्यानं दातानं तोडला आणि पायाखाली टाकला.

"चोर घरचाच हाय," तो म्हणाला. डफ त्यानं हौशीरामांच्या खाटेवर ठेवला आणि मागं न बघता चालू लागला.

२

रिवाजाप्रमाणे हरलेला डफ जत्रेनंतरच्या रविवारपर्यंत पंचाच्या घरी राहतो. त्या दिवशी देवळापुढं गाव पुन्हा जमतं, कुणाची तक्रार असेल तर ऐकली जाते, आणि नसेल तर डफ जिंकणाऱ्याच्या हवाली होतो. हौशीरामांनी तो ओसरीवरच्या खुंटीला अडकवला होता आणि सकाळपासून त्याच्याकडं बघत ते चहा थंड करत होते. काहीतरी खटकत होतं. काय खटकतंय ते सापडत नव्हतं, आणि त्यामुळं तपकिरीचा खप वाढला होता.

अशात दस्तगीरची बायको जहाँआरा दारात येऊन उभी राहिली. निमगावाहून चालत आली होती बिचारी.

"फौजदारसाहेब, माझ्या शफीनं न्हाई केलं वो हे," ती बसायच्या आधीच म्हणाली. "आई गेली तवापासून मी वाढवलाय त्याला. खोटं बोलला तर कान लाल व्हतात त्याचे, लपतच न्हाई."

"मग आळ्याला खेपा कशाला घालत होता?"

"आता काय सांगावं! तिथली शमा ठरलीय त्याला. लगीन व्हायच्या आधी बघायला जायचं म्हंजी चोरूनच जानार ना पोरगं?" तिनं पदरानं डोळे पुसले. "काल शमाच्या बापानं निरोप धाडलाय. गुरूचं गाणं इकनाऱ्याला पोरगी द्यायची न्हाई. रविवारी गावापुढं नाव साफ झालं तर ठीक, न्हाईतर सोयरीक मोडली. अन् पोरगं काही बोलतच न्हाई, नुसतं भिंतीकडं बघत बसलंय."

"बाई, मी पेन्शनर माणूस. मला कशाला यात ओढताय?"

"पेन्शन सरकारनं दिली, डोस्कं काढून न्हाई घेतलं," जहाँआरा म्हणाली.

हौशीरामांना हसू आलं. बाईला बसायला घोंगडी टाकली, आतून चहा मागवला. मग डोळे मिटून त्यांनी कालचं कूट पहिल्यापासून पुटपुटायला सुरुवात केली. शाहिराचा एक एक शब्द आणि चिमाजीचा एक एक अर्थ. नार म्हणजे वाणी, दारं म्हणजे कान, पहारेकरी म्हणजे दात... आणि तिथं त्यांची चिमूट नाकाजवळ थबकली.

"जहाँआराबी," ते म्हणाले, "शाहिरानं काल गायलेल्या गाण्यात पाळणा कुठं होता?"

बाईनं हातातली बशी खाली ठेवली.

"पाळणा?" ती हळूच म्हणाली. "पाळणा तर कवाच काढला व्हता. तुमाला कुनी सांगितलं?"

३

हकिगत अशी होती. कूट रचलं गेलं थंडीत, दिवाळीनंतर. तेव्हा तिसऱ्या चौकात, म्हणजे कडव्यात, सासू-सून नव्हती. "आत ओला पाळणा टांगला, पाळणा हलला की बाळ बाहेर" अशी ओळ होती. पण पौषात चांगदेवचं तान्हं लेकरू देवीच्या साथीत गेलं. झील द्यायची म्हणजे तीच ओळ चांगदेवला पुन्हा पुन्हा घोळवावी लागणार. दस्तगीरनं कुणाला काही न सांगता पाळणा काढला आणि सासू-सून घातली. चांगदेवला कळलं, पण दोघं त्यावर कधी बोलले नाहीत.

"म्हणजे चिमाजीनं काल जे ऐकलं त्याचा अर्थ सांगितलाच नाही," हौशीराम म्हणाले. "आधी पाठ केलेल्याचा सांगितला. लोकांना वाटलं, पाळणा ही त्याची आपली उपमा. गाणं चोरीला गेलं हे खरं. पण गेलं ते जुनं गाणं."

हे शाहिराच्याही ध्यानात आलं असणार. म्हणून तर त्याचा चेहरा उतरला. पण रागाच्या भरात माणूस पुढचा हिशेब करत नाही. हौशीरामांना तोच करायचा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल काढली आणि निमगाव गाठलं. चांगदेव कांद्याला पाणी देत होता. धिप्पाड माणूस, बोलणं मोजकं. फौजदार बांधावर बसले.

"शाहिराच्या मागं गादी तुझी, खरं ना?"

"व्हय."

"मग तुझ्याच कानात अर्थ सांगितला असणार."

"माझ्याच."

"शेवटच्या चौकातला राजा कोण?"

चांगदेवनं इकडं तिकडं पाहिलं. पण आता लपवून उपयोग काय! "जीव," तो म्हणाला. "वाडा म्हंजी काया. जीव गेला, काया पडली, तरी मान्साचा बोल मागं ऱ्हातो."

"चिमाजी तर शिवनेरी दाखवत होता."

"ते त्याचं त्यानं लावलं. वाईट न्हाई, पर आमचं ते न्हवं." चांगदेवनं फावड्यानं पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. "भाऊ, तुमचा वहीम माझ्यावर आसंल तर सांगून टाका. पाळण्याची ती ओळ ऐकलेला मीच हाये. पर ती ओळ माझ्या तोंडातून निघत न्हाई वो. घरी बसूनबी न्हाई निघत."

हौशीरामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि उठले. वहीम कशाचा? गाणं विकायचं तर माणूस अर्थासकट विकतो. कुलूप देऊन किल्ली घरी कोण ठेवील? चिमाजीला शब्द मिळाले होते, अर्थ त्याला स्वतःला बसून शोधावा लागला होता. म्हणजे अर्थ ठाऊक असलेला माणूस यात नाही.

जानकू भेटला गावाबाहेर, आंबेगावच्या डोंगराकडं निघालेला, तुणतुणं पाठीला बांधून.

"पाळणा?" तो खो खो हसला. "आवो राव, आमच्या गान्यात सासू हाय! लई द्वाड सासू. मी शिवरातीला डोंगरावनं उतरलो, तवापासनं सासूच वाजवतोय. त्याच्या आदी मी हिरडा येचत व्हतो."

"आणि शफी?"

"त्योबी शिवरातीलाच आला की पुण्यावनं. दोघांनी संगंच शिकलं."

शफी घराच्या मागच्या दारात बसला होता. दाढी वाढलेली, मनगटावर दोऱ्याचा पांढुरका वळ. हौशीरामांनी पाळण्याचं विचारलं तर त्यानं नुसतं वर पाहिलं. "कसला पाळणा?" म्हणाला. कान लाल झाले नाहीत.

"पोरा, हे तू गावापुढं का नाही सांगितलंस?"

"मला कुनी इचारलंच न्हाई," शफी म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडं बघायला लागला.

परतताना हौशीराम सायकल हातात धरून चालतच निघाले. शफीला जुनं गाणं ठाऊक नव्हतं. जानकूला नव्हतं. चांगदेवला ठाऊक होतं, पण त्यानं विकलेलं नव्हतं. घरात जहाँआरा, तर तिनं विकून स्वतःच्या पोराचा गळा कापला असता काय? जुने शब्द माहीत असणारा आता एकच माणूस उरत होता, आणि त्याचं नाव मनात येताच फौजदार रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

४

"गाणं घरी रचतात का हो शाहीर?" हे त्यांनी आधीच जहाँआराला विचारायला हवं होतं. म्हणजे एक हेलपाटा वाचला असता. पण फौजदारही माणूसच.

सायकल वळवून ते पुन्हा गावात शिरले. शाहीर ठकूबाईच्या अंगणात कापूस पिंजायला बसलाय असं कळलं. अपमान झाला म्हणून पोट काही थांबत नाही. लांबूनच पिंजणाचा आवाज येत होता, टंय् टंय्, टंय् टंय्. आणि त्या आवाजावर चढून दुसराही एक आवाज येत होता.

हौशीराम कुंपणाशी थांबले.

दस्तगीर कापसाच्या ढिगात मांडी घालून बसला होता. मिशा, भुवया सगळं पांढरं झालेलं. डाव्या हातात पिंजणाची लांब कमान, उजव्या हातातल्या लाकडी दांडक्यानं तो ताणलेली तात छेडत होता, आणि प्रत्येक टंय् वर एकेक शब्द बसवत खणखणीत गात होता:

माळावरती झाड एकलं, मुळं तयाची आभाळी...

ओळ एकदा, दोनदा, मग एक शब्द बदलून तिसऱ्यांदा. शेजारच्या घरातली बाई धुणं वाळत घालता घालता मान हलवत होती.

"शाहीर, नवं कूट दिसतंय!" हौशीराम आत येत म्हणाले.

पिंजण थांबलं. म्हाताऱ्याचे डोळे बारीक झाले.

"तुमाला कसं कळलं? आजून चांगदेवलाबी सांगितलं न्हाई."

"आत्ताच तर म्हणालात. माळावरती झाड एकलं."

"मी?" दस्तगीर रागावला. "काहीतरीच काय, साहेब! मी मनात म्हनत व्हतो."

दारातून ठकूबाईचं हसणं ऐकू आलं. "मनात! अगं बया! शाहीर, तुमच्या मनातलं पार येशीपातुर ऐकू जातंय. सकाळधरनं त्या झाडानं डोस्कं उठवलंय माझं!"

दस्तगीर तिच्याकडं आणि मग हातातल्या पिंजणाकडं बघत राहिला. उभा जन्म त्या तातीशेजारी कान ठेवून गेलेला. तिच्या आवाजात स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येणं कधीच बंद झालं होतं, आणि गाणाऱ्या पिंजाऱ्याला थांबवून कोण सांगणार, की बाबा तू गातोयस? लोकांना वाटे, करमणूक आहे, चालू दे.

हौशीरामांनी खाली बसून घेतलं.

"दिवाळीनंतर तुम्ही कुठं पिंजत होता?"

"आळ्याला. लगीनघर व्हतं, गाद्या लई व्हत्या. साळुबाईच्या नातीचं लगीन."

"साळुबाई म्हणजे कोण?"

"साळुबाई म्हंजी..." दस्तगीरनं तात छेडायला उचललेला हात तसाच राहिला. "चिमाजीची थोरली भैन."

५

आळ्याला साळुबाईच्या ओसरीवर फौजदारांचं स्वागत गुळाच्या चहानं झालं. साळुबाई सत्तरीची, दातांचा पत्ता नाही, पण बोलण्याची हौस भारी. नातीच्या लग्नाच्या गाद्यांचा विषय निघताच ती खुलली.

"पिंजारी लई गुणी मानूस! काम करता करता गात व्हता. आमी बाया शेंगा फोडत बसायचो अन् ऐकायचो. एक गाणं तर मला त्वांडपाठ झालं."

"म्हणा की, साळुबाई."

"आता या वयात?" असं म्हणत बाईनं गळा साफ केला आणि सुरू झाली. नार आली, उंबऱ्याशी बसलेला बाप आला, पहारेकरी आले. आणि मग तिनं हातानं झोका दिल्यासारखं करत म्हटलं, "आत ओला पाळणा टांगला..."

हौशीराम शांतपणे ऐकत होते. संशय खरा ठरला की पूर्वी त्यांना आनंद व्हायचा. आज तसं काही झालं नाही.

"हे चिमाजीनं कधी ऐकलं?"

"सक्रांतीला आला व्हता तिळगूळ घ्यायला. मी दळत व्हते, दळता दळता म्हनत व्हते. तर दारातच हुबा ऱ्हायला. पुन्ना म्हन, आक्का, पुन्ना म्हन! सांच्याला पार तोंडपाठ करून गेला."

"कुणाचं गाणं म्हणून विचारलं नाही?"

"इचारलं की. निमगावच्या पिंजाऱ्याचं, म्हनलं. तवा काय झालं कुनास ठावं, एकदम गप बसला." साळुबाईचा हसरा चेहरा हळूहळू गोंधळला. "का वो साहेब? माझं काय चुकलं का?"

"तुमचं काही चुकलं नाही, आक्का," हौशीराम म्हणाले. "गाणं चांगलं म्हणता तुम्ही."

निघताना त्यांना दस्तगीरचीच दुसरी ओळ आठवली आणि म्हाताऱ्याची मनापासून कीव आली. बाप उंबऱ्याशी बसून होता आणि लेक परघरी नांदायला गेली होती. अर्थ त्यानंच घातला होता, आणि त्यालाच उकलला नव्हता.

आता पंचाईत वेगळीच होती. खरं सांगावं तर साठी ओलांडलेल्या शाहिराचं हसं होणार. झाकावं तर पोराची सोयरीक मोडणार आणि जन्माचा डाग राहणार. फौजदारांनी नोकरीत पुष्कळ चोर धरले होते. पण चोराला चोरी केल्याचं ठाऊकच नाही, असा हा पहिलाच.

ते दस्तगीरकडं गेले आणि साळुबाई म्हणाली ते सगळं त्याला सांगितलं. म्हाताऱ्यानं एकदाही मान वर केली नाही.

"रविवारी मी बोलू, का तुम्ही बोलाल?" हौशीरामांनी विचारलं.

"मी बोलन," दस्तगीर म्हणाला.

६

रविवारी देवळापुढं पाऊल ठेवायला जागा नव्हती. शमाचा बाप पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. हौशीरामांनी डफ खाटेवर ठेवला आणि चिमाजीला उभं केलं.

"पाळणा कुठून आणलास?"

चिमाजीनं आढेवेढे घेतले. पण बहिणीचं नाव निघताच त्याचा आवाज चढला. "मी चोरी केली न्हाई! हा आमच्या दारात यीऊन गाणं टाकून गेला. पडलेलं उचललं, त्यात काय पाप झालं?"

"चोरी नाहीच ती," हौशीराम म्हणाले. "पण कूट ऐकलेलं असलं तर 'ऐकलंय' म्हणून हात वर करायचा आणि दुसरं मागायचं. हे तुझ्या गुरूनं शिकवलं होतं का नाही?"

चिमाजीची मान खाली गेली. सामना रद्द झाला, डफ दस्तगीरचा. लोक ओरडायला लागले, तेवढ्यात दस्तगीर उठला.

"चोर घरचाच हाय, असं मी म्हनलो व्हतो," तो म्हणाला. "ते खरं निघालं. चोर मीच. माझं त्वांड चाललेलं माझ्या मलाच कळलं न्हाई, अन् पाप मी या पोराच्या माथी मारलं." कुणी हसलं नाही. त्यानं खिशातून नवा काळा दोरा काढला आणि शफीपुढं जाऊन उभा राहिला. "हात दे, बाळ."

शफीनं हात दिला नाही.

"मामू," तो म्हणाला, "त्या दिवशी तुमी नुसतं इचारलं असतं, शफी, तू केलंस का? मी न्हाई म्हनलो असतो. तुमी मानलं असतं?"

म्हाताऱ्यानं दोरा मुठीत आवळला.

"आज मानताय, ते फौजदारसाहेबांचं मानताय. माझं न्हाई."

जहाँआरानं तोंडाला पदर लावला. शमाचा बाप हाताची घडी सोडून उठून उभा राहिला होता. शफी हौशीरामांकडं वळला. "साहेब, गंडा तुटला म्हंजी मी कुनाचा चेला न्हाई. बरोबर?"

"बरोबर."

"मग मला कूट घालायचंय. दस्तगीर शाहिराला."

गर्दीत एकदम कुजबुज उठली. भाच्यानं मामाला कूट घातल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. हौशीरामांनी रिवाज मनातल्या मनात चाचपला आणि हो म्हणाले. शफीनं डफ मागितला नाही. टाळी वाजवून तो गायला लागला:

माळी राखी एकला मळा, चोर धुंडी चहूंकडं,
पोटच्यापरी वाढवलेल्या रोपावर पडली कुऱ्हाड ।
चोर सापडला, मळा वाचला, रोप पडलं आडवं,
सांग शाहिरा, तुटलेलं ते कशानं पुन्हा लागावं ॥

यात उकलायचं काही नव्हतं. माळी कोण नि रोप कोण, हे लहान पोरालाही कळलं. प्रश्न तेवढा उरला होता. सगळे दस्तगीरकडं बघायला लागले. चाळीस वर्षांत या माणसाला उत्तर आलं नाही असं झालेलं नव्हतं, आणि हौशीराम अगदी जवळ बसले होते. त्यांनी पाहिलं, उत्तर म्हाताऱ्याच्या ओठांवर आलं, जबडा हलला. चांगली चोख ओळ असणार ती. लोकांनी डोक्यावर घेतली असती.

दस्तगीरनं ती गिळली.

"मला येत न्हाई," तो म्हणाला.

"शाहीर, पुन्हा विचार करा," हौशीराम म्हणाले.

"येत न्हाई म्हनलं ना, साहेब. निकाल द्या."

फौजदारांनी आयुष्यभर खऱ्याची बाजू घेतली होती. त्या दिवशी गावापुढं उभं राहून त्यांनी निकाल दिला, की दस्तगीर शाहिराला कूट उकललं नाही, रिवाजाप्रमाणे डफ शफीचा, आणि या गावात दस्तगीर आता पुन्हा गाणार नाही.

म्हाताऱ्यानं खाटेवरचा डफ दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि भाच्याच्या हातात दिला.

"मामू, तुमाला येत व्हतं," शफी हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"इचारायचं तवा इचारलं न्हाई," दस्तगीर म्हणाला. "आता शाना व्हऊन काय सांगू?"

शफीनं आपल्या शेजारची जागा मोकळी केली, मामाचा हात धरून त्याला तिथं बसवलं आणि स्वतः उभ्यानंच डफावर पहिली थाप मारली. चांगदेव झील द्यायला पुढं आला. दस्तगीर भाच्याकडं बघत शेवटपर्यंत तोंड घट्ट मिटून बसला होता.